परबबाईंची पेज

परबबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पाच गरोदर बायकांना पेजेवर फुंकर घालायला शिकवत होत्या. मुलुंडला, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दहा खाटांचं प्रसूतिगृह होतं. तिथल्या व्हरांड्यातल्या लांब बाकावर नववा महिना लागलेल्या पाच जणी ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात स्टीलची वाटी आणि वाटीत वाफाळलेली तांदळाची पेज. समोर पांढऱ्या सुती साडीतल्या, ठेंगण्या, पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या.

"जोरान नको गो," त्या सांगत होत्या. "पेज सांडतली. वायच वायच. वरची साय नुसती हलाक व्हयी. दात आवळू नको, तोंड सैल सोड. हां. आता निवव."

मी माझ्या मुलीला, शुभाला, तपासणीसाठी घेऊन गेले होते. मला हसू आलं. ते मी रुमालाआड लपवलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्या फुंकरीची नक्कल करून सगळ्यांना हसवलं.

मृणाल, केदार, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे, त्यातही मृणालसाठी. तीही आता गरोदर आहे, आणि मागच्या रविवारी तिने एडिंबराहून फोनवर विचारलं, "आजी, माझ्या वेळी आईला खूप टाके पडले होते ना? का पडले ते तिला नीट सांगता येत नाही. मलाही तसंच होईल का गं?" मी म्हटलं, आठवून लिहिते. खरं म्हणजे आठवायला काही लागत नव्हतं. फाईल कपाटातच आहे.

माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. विमा कंपनीच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले आणि सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरात तोंडी काही होत नसे. गॅस उशिरा आला, सोसायटीच्या टाकीला शेवाळ धरलं, शाळेने वर्ग बदलला, की मी घरच्या टाइपरायटरवर पत्र टाइप करायची आणि त्याची कार्बन कॉपी फायलीत लावायची. इंग्रजीत लिहिलेल्या पत्राला लोक वचकतात, हा माझा अनुभव होता. त्याचा मला अभिमानही होता.

साल शहाऐंशी. तुमचे बाबा तेव्हा मस्कतला होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून सगळे निर्णय माझ्याकडे होते. मी एका सहकारिणीकडून बाळंतपणावरचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि अधोरेखित करत वाचलं. पहिलटकरणीची वाट आधी कधी ताणलेली नसते, बाळाचं डोकं बाहेर येताना ती फाटू शकते, म्हणून डॉक्टरांनी आधीच कात्रीने नेमकी चीर द्यावी, सरळ चीर वेड्यावाकड्या फाटण्यापेक्षा बरी, असं त्यात होतं. मला ते पटलं. फाटण्यापेक्षा कापलेलं नीटनेटकं, हे माझ्यासारखीला पटणारच. आमचे डॉक्टर ठोसरही त्याच मताचे होते. पहिलटकरीण म्हटली की चीर, असा त्या काळी बहुतेक सगळीकडे नियमच होता.

परबबाईंचा नियम वेगळा होता. डॉक्टर पोचायच्या आत बाळ आलं, आणि पहिलटकरणींच्या बाबतीतही असं बऱ्याचदा व्हायचं, तर त्या एकट्याच सगळं उरकत. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाची घडी त्या खालच्या कातडीवर धरून ठेवत, निवली की बदलत. त्यांचे तळवे सदा त्या पाण्याने गुलाबी झालेले असत. बाईला कुशीवर वळवत. एक हात घडीवर आणि दुसरा बाळाच्या डोक्यावर, डोकं मागे ढकलायला नव्हे, एकदम सुटू नये म्हणून. आणि डोकं दिसायला लागलं की कळ कितीही जोराची असो, बाईने जोर करायचा नाही, पेज निववायची. म्हणून ती व्हरांड्यातली तालीम.

"मी कोणाक बाळंत करनय नाय," त्या म्हणत. "बाळाक वाट ठावक आसा. माझा काम इतक्याच, त्याका धावाक देवचा नाय."

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच: डोक्यावर टोपी नाही, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात रबरी चप्पल, तोंडात मालवणी. मी त्यांना आया समजले. बाकीच्या तरुण मुलींना सगळे 'सिस्टर' म्हणत आणि यांना नुसतं 'परबबाई', त्यामुळे माझी खात्रीच झाली.

शुभाला नववा लागला तेव्हा परबबाईंनी तिला बाकावर शेजारी बसवलं आणि मी बाजूला असूनही, पदराआड आवाज न करता, सरळ सांगायला सुरुवात केली. "न्हाण्याआधी रोज वायच वेळ काढ. नखा कापून हात धुवून घे. बोटाक खोबरेल लावून खालची वाट जरा जरा ताणूची, खाली आणि बाजूक. चुरचुरला की थांबूचा. सवय झाली की त्या दिवशी घाबरूक होनय नाय."

माझ्या अंगावर काटा आला. "बाई," मी म्हटलं, "असल्या गोष्टी तिला सांगू नका."

"कित्याक? तिचाच आंग मां?"

मी शुभाला दंडाला धरून उठवलं. घरी जाताना ती म्हणाली, "आई, त्या सांगतात ते करून बघू का? त्यांच्या हाताखाली टाके कमी पडतात म्हणे."

"म्हणे म्हणजे कोण म्हणतं? कुठे लिहून ठेवलंय?"

शुभा माझ्यापुढे तशी लवकर गप्प व्हायची. ते मला तिचं शहाणपण वाटायचं.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टर ठोसरांना पत्र टाइप केलं. मुद्द्यांना क्रमांक घातले होते. पहिला, प्रसूती डॉक्टरांनी स्वतः करावी. दुसरा, आधुनिक शास्त्राप्रमाणे पहिलटकरणीसाठी जे जे केलं जातं ते सर्व, चीर देण्यासह, न चुकता करण्यात यावं. तिसरा, कोणत्याही आयेने प्रसूतीच्या वेळी रुग्णाला हात लावू नये. तसं झाल्यास पुढील परिणामांची जबाबदारी प्रसूतिगृहावर राहील. मी ते स्वतः नेऊन दिलं आणि तिथल्या सिस्टरला सांगितलं, केसपेपरच्या वरच पिन लावा, म्हणजे नजरेआड व्हायचं नाही. तिने लावली.

तुझा जन्म, मृणाल, एप्रिलमधल्या एका भर दुपारचा. व्हरांड्याच्या खिडकीतून लांबवरची मिठागरं चकाकत होती, तिकडे बघवत नव्हतं. शुभाला आत घेऊन बरेच तास झाले होते. प्रसूतीच्या खोलीला धुरकट काचेचं दार होतं आणि दाराच्या वर हातभर मोकळी जागा. त्यामुळे दिसत काही नसे, ऐकू सगळं येई. डॉक्टर खालच्या मजल्यावर बाहेरचे पेशंट तपासत होते. सिस्टर त्यांना बोलवायला गेली आणि आत शुभाजवळ परबबाई राहिल्या. मी चिडले, माझ्या पत्रातल्या तिसऱ्या मुद्द्याचं काय झालं म्हणून. पण दार ढकलून आत जाण्याइतकी मी असभ्य नव्हते.

"शुभा, माझ्याकडे बघ," परबबाईंचा आवाज आला. इतका संथ आवाज मी त्या प्रसूतिगृहात ऐकला नव्हता. "डोक्या दिसता. काळेभोर केस आसत. आता ढकलू नको. पेज निवव."

आणि मला माझ्या मुलीची फुंकर ऐकू आली. हळू, लांब, पुन्हा हळू. मधे एक कण्हणं, आणि परत फुंकर. ती न शिकताच शिकली होती. पहिल्या दिवशी व्हरांड्यात मी रुमालाआड हसत होते तेव्हा तिने बघून घेतलं असणार.

"हां, अशीच. साय हलली. वायच बाहेर येता, परत आत जाता, जाऊ दे, भियाव नको. कातडी नरम आसा. दोन कळांत झाला."

तेवढ्यात डॉक्टर घाईने जिना चढून आले आणि माझ्यासमोरून आत गेले, मागोमाग सिस्टरही. पुढचं मी शब्द न शब्द सांगू शकते.

"परबबाई, बाजूला व्हा."

"डॉक्टर, डोक्या इला. हात काढलंय तर सुटतला. दोन कळा थांबा, कायएक फाटूचा नाय."

कागदाचा आवाज झाला. केसपेपर उचलला असावा.

"नातेवाइकांनी लेखी दिलंय. तुम्हीच हात लावायचा नाही असं दिलंय. उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार? व्हा बाजूला. सिस्टर, कात्री."

परबबाई एकदाच म्हणाल्या, "बाळाचे ठोके बरे आसत, डॉक्टर."

मुलांनो, मी तेव्हा काय केलं ते लिहायलाच हा कागद घेतला आहे. मी पर्स मांडीवर सरळ ठेवली आणि मनात म्हटलं, बरं झालं आपण लेखी दिलं.

मग शुभा ओरडली. तिला कुशीवरून पाठीवर वळवलं, चीर दिली, ती घाबरली, फुंकर सुटली आणि घाबरून तिने सगळा जोर एकदम लावला. हे मला नंतर कळलं. डोकं धरायला त्या गुलाबी तळव्यांचे हात तिथे नव्हते. तू एका झटक्यात बाहेर आलीस आणि डॉक्टरांची ती नेमकी, सरळ चीर पुढे फाटत पार मागच्या स्नायूपर्यंत गेली.

तुला बाहेर घेऊन आल्या परबबाईच. "चेडू झाला, बाई," त्या म्हणाल्या. माझ्या हातात तुला देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तुझं डोकं नीट माझ्या कोपरावर टेकवलं आणि आत गेल्या. टाके घालणं तासाभराहून जास्त चाललं होतं. मी तुझी बोटं बघत बसले.

आम्ही घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी दाराची बेल वाजली. परबबाई उभ्या होत्या, हातात कापडी पिशवी. "न्हाऊ घालूक बाई व्हयी काय?"

बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला चाळीस दिवस बाई ठेवायची आपली पद्धत. मी कोणी मिळते का ते विचारतच होते. या आया घरबसल्या आल्या, सोय झाली, असा हिशोब करून मी हो म्हटलं. त्यांना नोकरी असताना सकाळी दोन तास वेळ कसा मिळतो, हे माझ्या मनात आलं नाही.

त्या तुला पायांवर घेऊन न्हाऊ घालत आणि तू अजिबात रडत नसस. मग खोलीचं दार लोटून शुभाकडे बघत. पसरट घमेल्यात कोमट पाणी घालून तिला त्यात बसवत, मऊ कापडाने नुसतं टिपून घेत. "पुसू नको, टीप," असं बजावत. पोट कडक होऊ नये म्हणून मला भरपूर पाणी, भाज्या, पपई द्यायला लावत. टाके सुकत आले तेव्हा त्यांनी तिला एक व्यायाम शिकवला. "लघवी दाबून धरतत तसा आत ओढ, पाच म्हणीपर्यंत धर, सोड. कोणाक दिसना नाय. भाजी निवडताना कर, बाळाक पाजताना कर." आतून शुभाचं हसूसुद्धा ऐकू यायचं. घरात माझ्याशी ती हसत नव्हती.

बाराव्या दिवशी बारसं केलं. हॉल बायकांनी भरला होता. पाळण्याशी शुभाला बसवलं, गाणी सुरू झाली आणि मधेच ती उठून आत निघून गेली. पुन्हा बोलावलं, आली, पाच मिनिटांत पुन्हा गेली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी आत जाऊन दबक्या आवाजात म्हटलं, "पाहुण्यांसमोर असं उठून जातात? काय म्हणतील लोक?" ती भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली होती.

परबबाई दारात होत्या. त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. तोवर माझा हात असा कोणी धरला नव्हता.

"तिका बोलू नका, बाई. तिका आवरत नाय."

"काय आवरत नाही?"

"पोटातलो वारो. तिका कळूच्या आधी जाता. चारचौघींत कशी बसतली ती? मागचो स्नायू फाटलो. शिवलो हा, पण वेळ लागतलो."

मी विचारलं, "इतकं कशामुळे झालं?" मला खरंच कळलेलं नव्हतं असं आता म्हणवत नाही. विचारावंसं वाटलं, एवढंच.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग असता तर मी सावरून घेतलं असतं. "तो कागद तुमचोच मां?"

मी ओट्यावरचे धुतलेले कप पुसायला घेतले. ते आधीच पुसलेले होते.

"डॉक्टर वायट नाय," त्या म्हणाल्या. "कागदाक भियालो. आता माका बाळंतपणाच्या टेबलाकडे उभी करनत नाय. चादरी मोजूक ठेवल्यानी. कोणी परत लिवन दिला तर?" मग आवाज आणखी खाली आणून, "शुभाक मी कायएक सांगूक नाय. सांगूचय पण नाय. ओली बाळंतीण, आवशीवरसून, तुमच्यावरसून, मन उडाला तर जायत खंय ती?"

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं, "मग आमच्याकडे आलात कशाला?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा. "केस माझी," त्या म्हणाल्या. "डोक्या माझ्या हातात इल्ला. मधीच काढून घेतल्यानी म्हणान ती दुसऱ्याची होता?"

बाहेर बायका तुझं नाव ठेवत होत्या. मी पेढ्यांचं ताट उचललं आणि हसऱ्या चेहऱ्याने हॉलमध्ये गेले.

परबबाई चाळीस दिवस आल्या, आणि पुढेही आठवड्यातून एकदा, न बोलावता. शुभा पुष्कळ बरी झाली, पूर्ण नाही. लहानपणी तुम्ही दोघं हसायचात, आई नाटकाला नेहमी कडेची खुर्ची का मागते, पंगतीत दाराजवळ का बसते. ते यामुळे. केदार, तुझ्या वेळी ऑपरेशन करावं लागलं, तेही यामुळेच.

डॉक्टरांना एक पत्र लिहिणं मला अवघड नव्हतं. पहिलं पत्र मी मागे घेते, परबबाईंना आया म्हणण्यात माझी चूक झाली, त्यांना पुन्हा प्रसूतीच्या कामावर घ्यावं. मी ते टाइप केलं. दोनदा केलं, कारण पहिल्यात एक खाडाखोड होती. पाकिटात घातलं आणि पर्समध्ये ठेवलं. पण ते दिलं की डॉक्टर शुभाला विचारणार, शुभा मला विचारणार. पर्समध्ये ते पाकीट घेऊन मी वर्षभर ऑफिसला जात-येत राहिले. पाण्याच्या टाकीसाठी मी महानगरपालिकेला एकवीस पत्रं लिहिली होती, आणि हे एक माझ्याच्याने टाकवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात परबबाईंचा निरोप आला: नोकरी सोडली, मालवणकडे गावी चालले, शुभाला आणि बाळाला बघायचं होतं. शुभा तेव्हा तुला घेऊन मस्कतला गेली होती. मग मीच भांडुपला गेले, टेकडीवरच्या त्यांच्या चाळीत. एक साडी नेली होती आणि पर्समध्ये ते पाकीट. ते त्यांना दाखवायचं, त्यांच्यादेखत डॉक्टरांकडे जायचं, असं ठरवून निघाले होते.

खोलीत बोचकी बांधलेली होती. त्यांचे यजमान गिरणी बंद पडल्यापासून घरीच असत, ते मला खुर्ची देऊन बाहेर गेले. भिंतीवर एकच चौकट उरली होती, काचेमागे पिवळा पडलेला छापील कागद. परबबाईंनी ती उतरवली आणि पदराने पुसून माझ्या हातात दिली.

"वाचून दाखवा, बाई. इंग्रजी आसा. आमका शिकवल्यानी मराठीत आणि कागद दिल्यानी इंग्रजी. काय लिवलाहा ता ठावक आसा, पण कोणाच्या तोंडातसून ऐकूक नाय."

तो सुईणीच्या शिक्षणाचा दाखला होता. परळच्या एका इस्पितळातला, सही-शिक्क्याचा. मी वाचलं. सुलोचना परब यांनी ठरलेला अभ्यासक्रम पुरा केला आहे, त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या आहेत आणि नैसर्गिक प्रसूती स्वतंत्रपणे पार पाडण्यास त्या पात्र आहेत. त्या उभ्याने ऐकत होत्या, शाळेत उभं राहतात तशा. "परत एकदा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं, आणि या वेळी मराठीत अर्थही सांगितला.

"पात्र," त्या म्हणाल्या. "चांगलो शब्द आसा."

मी पर्स उघडली नाही. आता त्या गावीच चालल्या आहेत, उपयोग काय, असं मी मनाला सांगितलं. निघताना त्यांनी विचारलं, "शुभा बरी मां?" मी म्हटलं, "अगदी बरी." त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला नाही हे दिसत होतं.

पाचेक वर्षांनी त्यांच्या सुनेचं पोस्टकार्ड आलं. परबबाई गेल्या होत्या. गावातल्या बायका शेवटपर्यंत त्यांनाच बोलवत असत, असं तिने लिहिलं होतं. कार्ड शुभाच्या नावे होतं. ती तोवर मस्कतहून परतली होती; मी ते तिला दिलं. ती खूप रडली आणि मला म्हणाली, "तुला नाही कळायचं आई, त्या माझ्यासाठी कोण होत्या." मी तेव्हाही बोलले नाही.

मृणाल, तुझ्या फोननंतर मी फाईल काढली. इथपर्यंत लिहिलं, त्या पहिल्या पत्राची कार्बन कॉपी वर लावली आणि सोमवारी शुभा आली तेव्हा तिच्या हातात दिलं. हे सगळं तुमच्याआधी तिनेच वाचायला हवं होतं. ती खिडकीशी उभी राहून वाचत होती. वाचून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"परबबाईंना माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी रोज यायच्या."

"हो."

तिने कागद टेबलावर ठेवले, चप्पल घातली आणि गेली. मंगळवारी तिचा फोन आला नाही, बुधवारी आला नाही. मी केला नाही. मला ब्याऐंशीवं चालू आहे; या वयात काय काय सुटून जाईल ते बघत बसावं लागतं. गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"मृणालला पाठवायच्या आधी पेजेचं नीट लिही. ते तिला कळणार नाही. तिकडे पेज कुठे." आणि फोन ठेवता ठेवता, "बाकीचं मी नंतर बोलेन. आत्ता नाही."

म्हणून लिहिते. तुझ्या सुईणीला तिकडे हे सगळं ठाऊक असेल, कारण परबबाई करत तेच आता डॉक्टरही सांगतात, असं मी वाचलं. गरम पाण्याची घडी, शेवटच्या महिन्यात तेलाचं बोट, कुशीवर, डोकं हळू. तिला आधी विचारून ठेव. कधी कधी चीर खरंच लागते, बाळाचे ठोके उतरले तर. तेव्हा हट्ट धरू नकोस. पण नियम म्हणून देऊ देऊ नकोस, आणि लेखी काही द्यायचं तर स्वतः दे. अंग तुझं आहे. माझ्यासारख्या कोणालाही तुझ्या केसपेपरवर पिन लावू देऊ नकोस.

आता पेज. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजव, मीठ घाल. गरम असतानाच वाटीत ओत आणि दोन मिनिटं थांब, वर पातळ साय धरते. वाटी तोंडाशी आण. दात आवळू नकोस. जबडा सैल सोडून इतकं हळू फुंक की साय थरथरेल, पण कडेला पेज सांडणार नाही. फुंकर संपली की पुन्हा. रोज एक वाटी, निवेपर्यंत. त्या दिवशी डोकं दिसायला लागेल, सगळं अंग म्हणेल ढकल, तेव्हा ढकलायचं नाही, हे करायचं.

काल मी स्वतः एक वाटी करून पाहिली. पहिल्यांदा सांडली. वाटतं तेवढं सोपं नाही ते, आणि मी त्याला हसले होते.